भीती वाटते म्हणणाऱ्यांची ओतशाळा

सरोजा मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते गिंडीतल्या आमच्या सरकारी तंत्रनिकेतनाच्या ओतशाळेच्या दारात. सुती साडीवर चामड्याचा ॲप्रन, पायात पुरुषांचे बूट, पदर घट्ट खोचलेला. आत भट्टीत ॲल्युमिनियम वितळत होतं. आम्ही पहिल्या वर्षाची मुलं रांगेत उभी होतो आणि मॅडम एकेकाच्या समोर थांबून तमिळमध्ये एकच प्रश्न विचारत होत्या, "बयमा इरुक्का?" म्हणजे, भीती वाटते का?

माझ्या पुढचा मुलगा छाती काढून म्हणाला, "इल्ल, मॅडम!" अजिबात नाही.

"सरि," मॅडम म्हणाल्या. "हीरो, तिकडे बाकावर बस. आज तू फक्त बघायचंस."

सगळे हसले. मग माझी पाळी आली.  मी कसंबसं "इरुक्कु" म्हटलं, म्हणजे वाटते. मॅडमनी हजेरीत माझं आडनाव ऐकलं होतं. त्यांनी स्वतःच्या हातातले मोजे काढून माझ्या हातात दिले आणि मराठीत म्हणाल्या, "मग ये. लेडल धर." लेडल म्हणजे वितळलेला धातू ओतायचा लांब दांड्याचा डाव.

त्या दिवशी मला कळलेला ओतशाळेचा हा पहिला नियम गेली कित्येक वर्षं तिथे पाळला जातो. ज्याला भीती वाटत नाही, त्याच्या हाती वितळलेला धातू द्यायचा नाही. मॅडम त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणतात, "ज्यास भीती नाही तो साचा ओला अहे की कोरडा, बघायचा नाही. बुटाची नाडी सुटली, बघायचा नाही. शेजारी कोण उभा अहे, तेही बघायचा नाही." साचे वाळूचे असतात. ओल्या साच्यात तापलेला धातू पडला तर वाफ होऊन तो उसळतो आणि अंगावर येतो. ओतशाळेत काम केलेल्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

मॅडमच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात तमिळ आणि इंग्रजी लेख पुष्कळ असतील. त्यांच्या घराण्याची भाषा तंजावरची मराठी. म्हणून संपादकांनी मराठीत लिहायला मला सांगितलं. मला लिहिण्याचा सराव नाही. शिवाय हा लेख मी मोठ्या काळजीत असताना लिहिते आहे, ती काळजी ओळींमधून डोकावेल. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमचं घर मूळचं सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातलं. तिकडची कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या कामात, देशभर पांगली आहेत. माझे वडील याच शहरात, सौकारपेटेतल्या एका अरुंद गल्लीत हेच काम करतात. त्यांच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग आहेत. घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्याआधी दहावीच्या पुढे आमच्याकडे कोणी गेलं नव्हतं.

त्यामुळे संध्याकाळी घरी जाऊन मी मोठ्या कौतुकानं "आज मी धातू ओतला" असं सांगितलं तेव्हा वडिलांचा चेहरा उतरला. ते जेवता जेवता उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कॉलेजला पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कम्प्युटरची शाखा मिळते का ते बघू, नाहीतर घरी बस, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मॅडम आमच्या घरी आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. गल्लीत पत्ता विचारत, जिना चढून, धापा टाकत आल्या आणि सतरंजीवर बसल्या. वडील उभेच राहिले.

"बाई, मी जलमभर भट्टीपुढं भाजून निघालो," वडील म्हणाले. "पोरीला शिकवली ती काय पुन्हा भट्टीपुढंच उभी करायला? तुमी एवढ्या शिकलेल्या, तुमाला हे कळंना?"

"कळतं, अण्णा," मॅडम म्हणाल्या. "एक विचारू? तुम्हांस भीती वाटते काय, भट्टीपुढे?"

"वाटती की. रोज वाटती. मूस फुटंल, ॲसिडचा धूर छातीत जाईल. न वाटून कसं चालंल?"

"मुलीसही वाटते. तिनं मजला पहिल्याच दिवशी खरं सांगितलं. म्हणूनच मी तिला घेतलं."

वडील सतरंजीच्या कडेला टेकले. मग त्यांनी एवढंच विचारलं, "हातमोजं देता का?"

"माझेच देते."

"बाईंना च्या टाक गं," वडील आईला म्हणाले.

"चहा नक्को, काप्पी असेल तर द्या," मॅडम म्हणाल्या.

आई आतून म्हणाली, "आमच्यात कापी नसती. च्याच घ्या, चांगला करते." मॅडमनी तो घेतला, साखर जास्त आहे म्हणून तोंड वाकडं केलं आणि दुसरा कप मागितला. आजही आमच्या घरी 'काप्पीवाल्या बाई' म्हणूनच त्यांची चौकशी होते.

मी पदविका पूर्ण केली, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन अभियांत्रिकीची पदवी मिळवली आणि पुन्हा याच तंत्रनिकेतनात अतिथी व्याख्याती म्हणून आले. ही वाट माझ्यापुरती नाही. शेअर ऑटो चालवणाऱ्यांची, मासे विकणाऱ्यांची, इस्त्रीच्या गाडीवर उभ्या राहणाऱ्यांची मुलं दरवर्षी आमच्या दारातून आत येतात. देशाच्या तंत्रशिक्षणाबद्दल बोलताना लोक मोठमोठ्या संस्थांची नावं घेतात आणि ती घ्यावीतच. पण गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत फिरून पाहा. लेथच्या मागे, तपासणीच्या टेबलाशी, कधी कधी मालकाच्या खुर्चीतही आमच्या सरकारी तंत्रनिकेतनांतून बाहेर पडलेली माणसं दिसतील. मॅडमना याचा फार अभिमान. पण तो त्या भाषणात कधी सांगत नाहीत. वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात गेल्या की तिथलं ओतीव काम हातात घेतात, उलटसुलट बघतात आणि विचारतात, "हे कुणी केलं? माझा मुलगा की दुसऱ्याचा?"

मॅडमचं बोलणं तमिळ, इंग्रजी आणि त्यांच्या जुन्या मराठीतून एकाच वाक्यात फिरतं. तमिळ माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी पुस्तकाची धास्ती असते. त्यांना मॅडम आधी वस्तू हातात देतात, मग तिचं तमिळ नाव विचारतात आणि इंग्रजी शब्द सगळ्यात शेवटी सांगतात. रागावल्या की मुलींना "काय डी", म्हणजे काय गं, म्हणतात. रागावल्या नसल्या तरी म्हणतात. त्यांच्या डब्यात डांगर पचडी, म्हणजे उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, असली की प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना एकेक घास मिळतो. नको म्हणणाऱ्याला, तंजावरच्या मराठी माणसाचा अपमान केलास, असं ऐकावं लागतं.

एका पावसाळ्यात वेलचेरीत त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. मॅडम तळमजल्यावरच राहतात. त्यांचे यजमान राव सर पलंगावर सामान चढवत होते आणि मॅडम खिडकीत उभ्या राहून कॉलेजच्या वॉचमनला फोन करत होत्या. ओतशाळेतल्या वाळूवर प्लास्टिक टाकलं का? राव सर अजूनही ही गोष्ट येईल त्याला सांगतात. "माझी पुस्तकं भिजली," ते म्हणतात, "पण सरकारची वाळू कोरडी राहिली."

मॅडम या महिन्याअखेर निवृत्त होत आहेत. त्यांची जागा भरली जाईल की नाही, कोणाला ठाऊक नाही. आणि माझी काळजी इथेच सुरू होते.

या सत्राच्या सुरुवातीला तपासणीसाठी एक अधिकारी आले होते. सज्जन गृहस्थ, आवाज मृदू, बोलण्यात कुठे कडवटपणा नाही. त्यांचं म्हणणं असं, की आमची बहुतेक मुलं पुढे शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कचेऱ्यांमध्येच जातात. मग भट्टी, वाळू, लेडल हा खटाटोप कशाला? ओतकामाचा एक सुंदर प्रोग्रॅम मिळतो. पडद्यावर धातू वितळतो, साच्यात जातो, चूक झाली तर पुन्हा करता येतं. ओतशाळेच्या जागेत कम्प्युटर बसवता येतील.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "सर, पडद्यावर भीती वाटते का?"

"नाही ना!" अधिकारी उत्साहानं म्हणाले. "तोच तर मोठा फायदा आहे, मॅडम."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.  मला वाटलं होतं, त्या वाद घालतील. बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, "तुम्ही गप्प का बसलात?" त्या म्हणाल्या, "ते वाईट बोलले नाहीत, अश्विनी. मुलं भाजू नयेत असंच त्यांना वाटतं. तुझ्या वडिलांसही तेच वाटत होतं की नाही? त्यांना रागानं उत्तर देऊन उपयोग नाही. काम दाखवावं लागतं."

ठरलं ते असं. ओतशाळा या सत्रापुरती चालू राहील. मॅडम नसताना ती सुरक्षित चालवू शकेल असं कोणी आहे, हे अधिकाऱ्यांपुढच्या प्रात्यक्षिकात दिसलं तर पुढचा विचार होईल. असं कोणी म्हणजे मी. माझी नेमणूक दर सत्राला नव्यानं होते, पुढच्या सत्रात मी असेन की नाही हे मलाच माहीत नाही. कित्येक दिवस मला जेवण गेलं नाही. एखाद्या मुलाच्या पायावर थेंब जरी उडाला तरी ओतशाळेला कुलूप लागणार. आणि ते कुलूप माझ्या हातानं लागणार.

वडिलांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "वाळू दोनदा बघ. पोरांची पायताणं बघ. आणि कुणाला हासू नको." एवढं बोलून ते कामावर गेले. गल्लीच्या तोंडाशी वळून मात्र त्यांनी मागे पाहिलं.

याच आठवड्यात ते प्रात्यक्षिक झालं. अधिकारी दाराजवळ खुर्चीवर बसले होते. मॅडम म्हणाल्या होत्या, "मी येणार नाही, तू सांभाळून घे." म्हणून मी त्यांची वाट पाहिली नाही. साचे पाहिले, पुन्हा पाहिले. मूठभर वाळू दाबून मोडून पाहिली. बाह्या, बूट, चष्मे पाहिले. भट्टी तयार झाल्यावर मुलं रांगेत उभी राहिली आणि मी प्रश्न विचारायला सुरुवात केली. 

"बयमा इरुक्का?"

"इरुक्कु, मॅम."

"इरुक्कु, मॅम."

एक जण म्हणाला, "कोंजम." थोडीशी. त्याला मी रांगेत राहू दिलं. एकानं मान हलवून नाही म्हटलं, त्याला बाकावर पाठवलं. तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "स्वतःच कापते आहे, आणि मला बसवते." बाकीचे खुसुखुसु हसले. मी म्हटलं, "हो, कापतेय. म्हणून मी इथे आहे आणि तू तिथे." हे वाक्य मला कसं सुचलं, देव जाणे. वडिलांनी हसू नको म्हटलं होतं, मी हसले नाही.

रांगेच्या टोकाशी पोचले तर शेवटच्या मुलाच्या मागे सरोजा मॅडम उभ्या होत्या. ॲप्रन घातलेला, पदर खोचलेला, हात रिकामे. कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नव्हतं. मी गोंधळले. त्यांना बाजूला या म्हणावं, की नमस्कार करावा? त्या विद्यार्थिनीसारख्या माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. शेवटी मी विचारलं,

"बयमा इरुक्का, मॅडम?"

सगळी मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "इरुक्कु," त्या मोठ्यानं म्हणाल्या, दारापर्यंत ऐकू जाईल असं. मग मला एकटीला ऐकू येईल इतक्या हळू, मराठीत, "पुष्कळ अहे, डी."

ती भीती धातूची नव्हती हे मला कळलं. मी माझे मोजे काढून त्यांना दिले आणि भिंतीवरचे दुसरे घेतले. आमचं लेडल दोघांनी धरायचं असतं. मी पुढे, त्या मागे. ओतताना त्यांनी एकही सूचना केली नाही. त्यानंतर मुलांनी जोडीजोडीनं आपापले साचे भरले. कोणाला काही झालं नाही.

निवल्यावर साचे फोडले. आमच्या दोघींच्या ओतीवात कडेला बारीकसं भोक निघालं, आत हवा अडकली होती.  मॅडमनी तो तुकडा उचलून अधिकाऱ्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हे पाहा सर. चांगलं झालं. सोमवारच्या तासाला तिला विषय मिळाला." अधिकारी ते भोक बोटानं चाचपत बराच वेळ बसले होते.  निर्णय अजून कळलेला नाही. हा ग्रंथ मॅडमच्या हाती पडेल तोवर कदाचित कळलेला असेल.

मॅडम, तुमच्या सत्काराच्या लेखात मी माझीच चिंता लिहून ठेवली, याबद्दल क्षमा करा. तुमचे गुडघे दुखतात, तेव्हा आमच्या सौकारपेटेतला जिना आता चढू नका. आईनं काप्पी करायला शिकून घेतलं आहे, ती वेलचेरीला घेऊन येईल. राव सरांच्या पुस्तकांना पुन्हा कधी पाणी लागू नये. तुम्हा दोघांना पुष्कळ वर्षं सुखाची, हातीपायी धड आणि डोळ्यांना स्पष्ट दिसणारी मिळोत. तुमचे मोजे मी ओतशाळेच्या भिंतीवर तुमच्या नेहमीच्या खिळ्याला लावून ठेवले आहेत. केव्हाही या, आणि आलात की रांगेत उभ्या राहा, प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल.

सोमवारी तास आहे. वाळू मी दोनदा बघितली आहे. मला भीती वाटते, मॅडम. लेडल माझ्याकडे असू द्या.