आईचं हाड आणि अंगणातला मुनगा

मित्रांनो, आज सकाळी आमची पंचाहत्तरीची आई एकोडी गावातल्या घराच्या अंगणात आकडी लावलेल्या काठीने मुनग्याचा पाला तोडताना पडली. आमचा मुनगा म्हणजे तुमचा शेवगा.

खुबा मोडला या भीतीने तिला साकोलीला नेलं. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे. गोळ्या कोणत्या घेता, आजी?"

"गोळ्या कायले? मुनगा हाये ना घरी."

डॉक्टर हसले. पाल्यात कॅल्शियम असतं, म्हणाले, पण व्हिटॅमिन डी उन्हातून मिळतं.

ऐंशीच्या दशकात आईला दोन्ही भरपूर मिळालं. शेतात धानाच्या रोवण्यापासून, म्हणजे लावणीपासून, कापणीपर्यंत दिवस उन्हात जायचा आणि रात्री भातासोबत पाल्याची भाजी असायची.

मी छाती फुगवून बाहेर आलो. आई म्हणाली, "तोडलेला पाला अंगणात तसाच पडला असन. सुकायच्या आधी घरी चाल."