खारं पाणी गोड करायला भिवंडीला

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एका प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. भिवंडी तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात विहिरीचं खारं पाणी पिण्याजोगं करायचा प्रयोग होता. यंत्र आणि साहेब ट्रकने पुढे गेले. यंत्रातला पडदा माझ्याकडे दिला. पातळ पापुद्र्याची गुंडाळीच ती. दाब दिला की पाणी पलीकडे जातं, क्षार मागे राहतात. पण पडदा सुकला की कामातून गेला. म्हणून तो पाण्याच्या डब्यात ठेवला होता.

ठाण्याहून एसटी, रस्ता खड्ड्यांचा. भिवंडी स्टँडवर वडा-चहा घेतला, ते बरं केलं. पुढे टपरीसुद्धा नव्हती. गावाची गाडी दिवसातून दोनदाच.

गाडी सुटली आणि मांडीला गार लागलं. डब्याचा सांधा सुटला होता! मी रडकुंडीला आले.

"काय झालं गं पोरी?" शेजारच्या बाईंनी विचारलं. त्या यमुनाबाई, त्याच गावच्या. मी सांगितलं. त्यांनी आपल्या भरल्या कळशीच्या तोंडचं फडकं सोडलं, भिजवून गुंडाळीभोवती बांधलं, आणि वाटभर ओंजळीने पाणी घालत राहिल्या.

कंडक्टर ओरडला, "मावशी, गाडी धुताय का?"

"धुतली तर बरंच हाय की!"

"एवढं पाणी कुठून आणलंत?" मी विचारलं.

"भिवंडीहून, भावाकडून. लेक बाळंतीण हाय. विहिरीचं पानी तिच्या घशाखाली उतरत न्हाय."

मी त्यांचा हात अडवला. "मावशी, राहू द्या मग."

"तुझं काम अडंल ना? घे, धर नीट."

दुपारी डिझेल इंजिनावर यंत्र सुरू झालं. पहिलं पाणी सोडून दिलं, मग साहेबांनी तपासून मान डोलावली. करंगळीएवढी धार. पहिली कळशी यमुनाबाईंची भरली. लेक दोन पेले प्यायली आणि तिसऱ्यासाठी तिने हात पुढे केला. संध्याकाळी त्यांनी मला आपल्याच घरी जेवायला बसवलं: तांदळाची भाकरी आणि डाळ. "बघा, आज डाळ शिजली! खाऱ्या पान्यात शिजतच न्हाय." मावशी सगळ्यांना वाढत सांगत होत्या.

खरं सांगते, प्रयोग काही महिनेच चालला. पडदा चोंदू लागला, यंत्र परत गेलं. नळ गावात पुष्कळ वर्षांनी आला.

त्या दौऱ्याहून घरी येऊन मी अहवाल लिहिला होता: 'प्रवासात पडदा ओला ठेवण्यात आला.' कोणी ठेवला, हे लिहायची तेव्हा पद्धत नव्हती. आज इथे लिहिते. यमुनाबाईंनी ठेवला.