दुःखी चेहरे पाहिजेत

गावच्या रेडिओवर संध्याकाळी उलायूचा आवाज लागला की घराघरातले टीव्ही गप्प होत. हवामान, वाढदिवस, कोणाच्या कुत्र्याने कोणाचे मासे पळवले, सगळं ती सांगे आणि तिखटमीठ लावून सांगे. म्हणूनच दक्षिणेतल्या एका संस्थेने उत्तर ध्रुवाजवळच्या या गोठलेल्या किनाऱ्यावर मदतीची खोकी पाठवायला सुरुवात केली, तेव्हा वाटपाचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं.

पहिल्याच खोक्यात छत्र्या निघाल्या. इथल्या वाऱ्यात छत्री उघडली तर माणूस थेट पलीकडच्या बेटावर जाऊन पडेल. दुसऱ्यात उंच टाचांच्या सँडल होत्या आणि तिसऱ्यात चरबी वितळवणारा चहा.

"ऐका हो," उलायूने रेडिओवर पुकारलं, "दुकानात कोबी हातात घेऊन किंमत बघून परत ठेवता ना, ते सगळे हॉलवर या. बारीक व्हायचा चहा आलाय. फुकट!"

गाव हसून लोळलं. चहा मात्र संपला.

वसंतात संस्थेची ग्वेंडोलिनबाई गळ्यात कॅमेरा अडकवून स्वतः विमानाने आली. उलायूने मण्यांच्या झालरीचा ठेवणीतला अंगरखा घातला, ओठ रंगवले. बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "याहून जुनं काही आहे का तुमच्याकडे? आणि जरा... हसू नका हं. हसणाऱ्या माणसाला कोणी देणगी देत नाही."

उलायूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक रेडिओच्या खोलीत शिरली.

"पाहुणीला दुःखी चेहरे पाहिजेत! ज्याच्याकडे असतील त्याने हॉलवर घेऊन यावेत. पहिला येईल त्याला माझ्या हातची तळलेली रोटी."

हॉल गच्च भरला. उलायूचा थोरला भाऊ कौनाक, तोंडात औषधालाही दात नाही, त्याने गाल आत ओढले, खालचा ओठ थरथरवला आणि चक्क डोळ्यांतून पाणी काढलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. ग्वेंडोलिनने पटापट फोटो काढले. टाळ्या कसल्या, हे तिला कोणी सांगितलं नाही.

निघताना तिने विचारलं, "तुम्हाला खरंच काय हवंय?"

"पेट्रोल," उलायू म्हणाली. "बर्फावरच्या गाड्या उभ्या आहेत. पेट्रोल मिळालं तर पोरं समुद्रातल्या सीलची शिकार करून आणतील, गाव जेवेल."

बाईचा चेहरा उतरला. "आमच्या देणगीदारांना सील फार आवडतात हो."

"आम्हालाही."

महिन्याभराने कौनाकची मुलगी सीलू हिचा फोन आला. ती दक्षिणेत इस्पितळात नर्स होती. "आत्या, बसस्टॉपवर बाबांचा एवढा मोठा फोटो लावलाय! खाली लिहिलंय, यांच्या पोटात कित्येक दिवस अन्न नाही. आणि तू मला कळवलंही नाहीस?" ती हुंदके देत होती.

"अगं, कालच वाडगाभर सूप प्यायलाय तो!"

फोन ठेवल्यावर उलायूच्या लक्षात आलं, सूप तो आपल्या घरी प्यायला. त्याच्या घरी पातेलं चढलेलं तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. परवाही तो जेवणाच्या वेळीच नेमका 'सहज' आला होता. तिला स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त ग्वेंडोलिनचा.

त्याच संध्याकाळी तिने कार्यक्रमातूनच बाईला फोन लावला. "बाई, सगळं गाव ऐकतंय, बरं का. माझ्या दादाचा फोटो कसा काय चाललाय?"

"उत्तम! इतका प्रतिसाद आम्हाला कधीच मिळाला नव्हता."

"मग त्याच्या वाट्याचं पेट्रोल पाठवा."

"पण सील..."

"सीलचा फोटो नका लावू. दादाचाच राहू द्या."

बरीच ओढाताण झाली. शेवटी संस्थेने गावच्या पंपावर पेट्रोलचे पैसे भरले, 'दुर्गम भागातील वाहतूक साहाय्य' असं भारदस्त नाव देऊन. पोरं बर्फाच्या कडेपर्यंत गेली आणि सील घेऊन आली. हॉलच्या जमिनीवर पुठ्ठे अंथरून सगळं गाव भोवती बसलं. उलायूने सीलच्या काळजाचे बारीक बारीक तुकडे करून भावापुढे ठेवले आणि कोणीतरी मोबाइल बाहेर काढला.

"ए, फोटो नको!" कौनाक भरल्या तोंडाने ओरडला. "मी जेवताना दिसलो तर पेट्रोल बंद होईल."