टक्के चालू असताना

बुक्कीभाऊंनी माझ्यादेखत पहिला मार दिला तो एका कॉम्प्युटरला, आणि दुसरा तो घेऊन आलेल्या माणसाला. कॉम्प्युटरच्या पाठीत बुक्की बसली तसा त्याचा अडकलेला पंखा घरघरत सुरू झाला. माणसाच्या कानाखाली बसली, कारण तो खोटं बोलला होता. "मी डबा उघडलाच नाही," असं तो शपथेवर सांगत होता आणि आत चार स्क्रूंपैकी दोनच होते. "म्हाताऱ्या मशीनची चिरफाड करतो आन् वरून खोटं बोलतो बे?" असं म्हणत भाऊंनी त्याचा गाल लाल केला, आणि मग तासभर खपून त्याची मशीन नीट करून दिली. माणूस गाल चोळत, आभार मानत निघून गेला. मी सीताबर्डीच्या गल्लीतल्या त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानातून तशीच मागे फिरणार होते, पण मला दुसरा इलाज नव्हता.

कोराडीला, वीज केंद्राच्या वसाहतीजवळ माझी टायपिंगची संस्था आहे. बारा कॉम्प्युटर, तीस मुली. गेल्या वर्षी परीक्षा घेणाऱ्यांचं पत्र आलं की सगळ्या मशिनींवर नवी विंडोज हवी, तपासणीत एकही जुनी सापडली तर केंद्र रद्द. केंद्र रद्द म्हणजे मुलींनी परीक्षेला लांब शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं, आणि त्यांतल्या निम्म्यांचे बाप त्यांना पाठवणार नाहीत. त्या बापांना मी चांगली ओळखते. मुलगी टायपिंग शिकते याचाच त्यांना राग, त्यांना फक्त निमित्त हवं असतं.

मशिनी विकणारा एक डीलर आला, बाराही मशिनींवरून त्यानं नजर फिरवली आणि म्हणाला, "मॅडम, हे भंगार आहे." त्याचं सगळंच खोटं नव्हतं. नवी विंडोज चढवायला गेलं की ती आधी मशीनचं वय विचारते, आतला प्रोसेसर किती जुना, सुरक्षेची चिप आहे का ते बघते, आणि पसंत पडलं नाही तर तिथूनच परत पाठवते. बारा नव्या मशिनी घेणं माझ्या आवाक्याबाहेर होतं. मग कुणीतरी बुक्कीभाऊंचं नाव सांगितलं, आणि वर सांगितलं, "बाई, त्यांच्याशी वाद घालू नका."

दर रविवारी ते येऊ लागले. पहिल्या मशीनचं झाकण काढलं आणि त्यांच्या तोंडून शिवी निघाली. आत वीज केंद्राच्या धुराड्यांची बोटभर राख बसली होती. आमच्याकडे राख भाकरीवरसुद्धा असते, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. "बाई, ह्या मशिनी नाही, चुली हायेत," म्हणाले, आणि ब्लोअर लावून त्यांनी सगळी खोली करडी करून टाकली. मी भीत भीत विचारलं, "भाऊ, डीलर म्हणतो या मेल्यात." त्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली की माझा चहा सांडला. "मेल्या कोन म्हनते? कंपनी म्हनते. कंपनी काय डॉक्टर हाय?"

त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक पेन ड्राइव्ह असायचा, ताईत घालावा तसा. त्यात त्यांनी नवी विंडोज अशी तयार करून ठेवली होती की ती वय विचारतच नसे. पण या माणसानं मला अंधारात ठेवलं नाही. "याची गॅरंटी कंपनी घेत नाही, मीच घेतो. अपडेट अडकलं तर मले आवाज द्या. आन् पहिले समद्या फायली दुसरीकडं ठेवा, नाहीतर मी हातच लावत नाही." फायली दुसरीकडे न ठेवता 'ठेवल्या' म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी दुकानाच्या पायरीवरून खाली ढकललं होतं, हे मला नंतर कळलं.

त्यांचा हात असा की त्याला कारण लागत नसे. एकदा मधेच वीज गेली म्हणून त्यांनी स्वतःच्याच दुकानाची काच फोडली आणि सात टाके घालून घेतले. उजव्या हाताची दोन बोटं कुणाच्या तरी जबड्यावर मोडली होती, ती वाकडीच राहिली. आणि त्याच बोटांनी ते तांदळाएवढा स्क्रू अलगद उचलायचे. त्यांची बायको कन्हानला माहेरी राहायची. का, ते मी कधी विचारलं नाही. त्या हातांकडे पाहिलं की विचारायची गरज वाटत नसे. तरीही मला ते आवडायचे, आणि हे लिहिताना मला संकोच वाटतो आहे.

त्यांचा एक नियम होता. पडद्यावर टक्के सुरू झाले, म्हणजे पाच टक्के, सहा टक्के असं काम पुढे सरकू लागलं, की ते दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांवर बसायचे. शंभर होईपर्यंत हात बाहेर येत नसत. नाकावर माशी बसली तर मान हलवून उडवायचे. मुली तोंडावर ओढणी धरून हसायच्या. मी विचारलं तर म्हणाले, "टक्के चालू असताना मशीनचं पोट उघडं असते. तवा एक बुक्की पडली का खेळ खतम. माह्या हाताले लगाम नाही, बाई, म्हनून बुड ठेवतो त्याच्यावर. एक हात सुटला का अख्खा मानूस सुटते."

तिसऱ्या रविवारी डीलर पुन्हा आला. सहा मशिनी नव्या विंडोजवर चालताना पाहून त्याचं तोंड कडू झालं. मुलींना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "हे जुगाड ऐन परीक्षेत बंद पडणार, आणि तुमचं वर्ष जाणार." तेव्हा कुठल्याच मशीनवर टक्के चालू नव्हते. भाऊंनी त्याची कॉलर धरून त्याला ओढत बाहेर नेलं आणि पायरीवर पालथा पाडून मारलं. चष्म्याचा चुरा झाला. त्याचा एक दात पायरीवर पडला, आणि एक मुलगी तिथेच कोपऱ्यात ओकली. डीलर रक्त थुंकत म्हणाला, "एकटा येणार नाही आता."

मी मुलींना घरी पाठवलं आणि मग भाऊंवर तुटून पडले. मलाही तोंड आहे. "या मुली घरी हेच बघतात, म्हणून इथे येतात. पुन्हा माझ्या संस्थेत हात उचललात तर मशिनी गेल्या खड्ड्यात, पण तुमचं तोंड बघणार नाही." मला वाटलं, आता माझी पाळी. पण ते खाली बघत राहिले. म्हणाले, "बराबर हाय, बाई. इथं नाही उचलनार." ब्लोअर पिशवीत घातला आणि पायरीवरचं रक्त स्वतः पाणी आणून धुतलं.

सोमवारी तपासणी होती, म्हणून भाऊ शनिवारीही आले. शनिवारी दुपारपर्यंत अकरा मशिनी झाल्या. बारावी, म्हणजे परीक्षा जिच्यावरून चालायची तीच, सगळ्यांत हट्टी निघाली. तिचं बायोस, म्हणजे मदरबोर्डाच्या आतच भरलेला मूळ प्रोग्राम, आधी बदलावं लागणार होतं. ते चालू असताना वीज तुटली तर बोर्ड कायमचा जातो. आमच्या भिंतीतलं सॉकेट ढिलं, प्लग त्यात टिकत नसे, आम्ही वर्षानुवर्षं कागदाची घडी कोंबून भागवत होतो. भाऊ म्हणाले, "कागदावर भरोसा नाही." खुर्ची भिंतीला लावली, गुडघ्यानं प्लग दाबून धरला, काम सुरू केलं आणि हात मांडीखाली घातले.

नऊ टक्क्यांवर डीलर आत आला. बरोबर दोघे होते, एकाच्या हातात लोखंडी पाइप.

पहिला फटका खांद्यावर बसला. भाऊंनी मान वर करून एवढंच म्हटलं, "दहा मिन्टं थांब बे. मंग बाहेर येतो, पाहिजे तेवढा मार." डीलरला ती थट्टा वाटली. दुसरा फटका तोंडावर बसला. ओठ फाटला, रक्त शर्टावर आलं. मी ओरडले, "भाऊ, उठा!" ते पडद्याकडे बघत होते. एकवीस टक्के. त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, पण हात जिथल्या तिथे. सगळ्या सीताबर्डीनं ज्या हातांची धास्ती घेतली होती, ते हात त्यांनी स्वतःच दाबून धरले होते.

मी पाण्याचा भरलेला स्टीलचा जग उचलून डीलरच्या डोक्यात घातला. आयुष्यात पहिल्यांदा माणसावर हात उचलला आणि मला बरं वाटलं, हे कबूल करायला लाज वाटते. पाणी टेबलाकडे वाहू लागलं तसे भाऊ तोंडातल्या रक्तासकट ओरडले, "बाई, टेबल हलवू नका! पानी पुसा!" आणि मी, त्यांना कुणी मारत असताना, माझ्या पदरानं पाणी पुसलं. त्यानंतर पाइप भाऊंच्या डोक्यात बसला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

माझ्या ओरडण्यानं वसाहतीतली माणसं धावली, तिघांना धरलं. पुढे पोलीस, खटला, माझी साक्ष हे सगळं झालं, अजून चालू आहे. पण त्या क्षणी कुणी भाऊंना उचलायला गेलं तर ते गुडघा काढू देईनात. "किती झाले?" त्यांनी विचारलं. दोन्ही डोळ्यांत रक्त उतरलं होतं, त्यांना दिसत नव्हतं. मी म्हटलं, "ब्याण्णव." ते थांबले. शंभर झाल्यावर मशीन स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्यांनी हात बाहेर काढले आणि गळ्यातला दोरा माझ्याकडे दिला. "पेन ड्राइव्ह लावा. वय नाही विचारत ते. आन् टक्के चालू झाले का..." पुढचं मला माहीत होतं.

ते दवाखान्यात गेले आणि मी प्लगला गुडघा लावून मशीनपाशी बसले. तीस मुलींसाठी बसले, असं मी स्वतःला सांगते. शंभर टक्के होईपर्यंत मी हातांवर बसून रडत होते. सोमवारी तपासणी झाली, बाराही मशिनी पास झाल्या. परीक्षेत एकही बंद पडली नाही.

भाऊ तिसऱ्या दिवशी गेले. डोक्यात आत रक्त साचलं होतं. कन्हानहून त्यांची बायको आली, बारीक अंगाची, डोळे कोरडे. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "तुमीच का त्या बाई? लोकं सांगून राहिले, यायनं उलटून एक हात नाही उचलला म्हनून. खरं हाय?"

"खरं आहे," मी म्हटलं. माझ्या आवाजात अभिमान होता, तो मला लपवता आला नाही. "दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते. शेवटपर्यंत."

 पदर सारखा करताना तिचा डावा हात दिसला, मनगटापाशी मोडून वाकडा जुळलेला.

"म्हंजे ठेवता येत होते," ती म्हणाली. "मंग माह्या वेळेस काहून नाही ठेवले, बाई?"

मी तिला बाकावर बसवलं आणि शेजारी बसले.