टाकावरचं तोंड

कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी मामा तिच्यावर तळवा ठेवून थोडं थांबायचे. मेंढरांची लोकर कातरायची कातर असो, घोंगडं असो, नाहीतर देव्हाऱ्यातला देव. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "इचारलं का?"

कुणाला विचारायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. एसटीत चढताना पायरीला हात लावून कपाळाला नेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मामा त्यांतलेच.

शिरूरला माझा फोटो स्टुडिओ होता. डिजिटल कॅमेरे नुकतेच आले होते. पुण्याच्या एका संस्थेला आमच्या भागातल्या जुन्या वस्तूंचे फोटो कॉम्प्युटरवर जतन करायचे होते, ते काम मला मिळालं. मामा यवतजवळच्या धनगरवस्तीवरचे, सगळेच त्यांना मामा म्हणत. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, पुढं शेतीत स्थिरावले. दौंडाकडच्या गावांत त्यांच्या शब्दावर बाया देव्हारे उघडायच्या, म्हणून ते माझ्याबरोबर हिंडत.

फ्लॅश मात्र मारू द्यायचे नाहीत. "देवांचं डोळं दिपत्याल. तुज्या तोंडावर असला उजेड मारला तर?" एकदा माझ्या कॉम्प्युटरलाही त्यांनी चिमूटभर भंडारा वाहिला. पुढं कितीतरी दिवस कीबोर्ड उलटा केला की हळद पडायची.

एका गावात झिजलेला वीरगळ होता. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. वरून पाहिलं तर सपाट. मी एकेका बाजूनं तिरका उजेड टाकून फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर ते एकावर एक बसवले. दगडातून घोड्याचा कान वर आला, मग माणसाचा दंड.

मामा पडद्यासमोरून हलेनात. "मेलेलं मानूस वर येतं व्हय यातनं?"

"दगडावर उरलं असेल तेवढंच येतं, मामा."

तेव्हा मी खरं बोललो होतो.

पुढच्या बाजारी ते शिरूरला आले. फडक्यात चांदीचा टाक होता, मेलेल्या माणसाचं तोंड ठोकलेला काडेपेटीएवढा पत्रा. त्यांची बायको कोकणच्या वाटेवर तापानं गेली, तेव्हा लेक अंगावर पीत होती. फोटो कुठला असायला? रिवाजाप्रमाणं तिचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवला. दर रविवारी मामा स्वतः तो राख-चिंचेनं घासायचे. घासून घासून वरचं तोंड पार गेलं होतं.

"लेक इचारती, आय कशी व्हती. आता मलाबी आठवंना. तुज्या मशिनीला इचार."

सोनार सगळ्या बायांना एकाच साच्याचं तोंड ठोकतो, हे मला माहीत होतं. ते सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो."

उजेड फिरवून फिरवून पाहिला. पडद्यावर ओरखडे आले, बाकी काही नाही.

मामा दर बाजारी यायचे. दारातच उभे राहून म्हणायचे, "निघालं का तोंड?" मी नाही म्हटलं की, "असू दे. लाजत आसंल." आणि एसटी गाठायला निघायचे. पाठमोरे मामा बघवत नसत. शिवाय, आज लिहून टाकतो, आपल्याला मेलेलं माणूस वर आणता येतं असं कुणीतरी समजतंय, हे मला आवडलंही होतं.

गिऱ्हाइकांनी न नेलेल्या पासपोर्ट फोटोंचा खण होता माझ्याकडे. त्यात एका बाईचा फोटो होता. केस घट्ट मागे, नजर सरळ. कोण, कुठली, आठवत नाही. ते तोंड मी ओरखड्यांवर बसवलं, पुसट केलं, चांदीचा रंग दिला.

मामांनी प्रिंटवर तळवा ठेवला. बराच वेळ. मग वर बघितलं. "इचारलं का?"

मी होय म्हणून मान हलवली.

"व्हय," ते म्हणाले. "हीच."

झिजलेला देव वाहत्या पाण्यात सोडतात. मामांनी टाक भीमेत सोडला. तोंड तर मिळालं होतं.

त्यानंतर भेटले ते यवतच्या स्टँडवर. वाळले होते. "आदी ती अंधुक का हुईना, डोळं मिटलं की यायची. आता फोटोतलीच येती." गाडीच्या वाटेकडे बघत म्हणाले, "आन् ही मला वळखत न्हाई."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी कॅमेऱ्याच्या स्टँडचा पाय आवळत बसलो. तेवढ्यात त्यांची गाडी लागली.

मामा गेल्यावर लेकीनं मला वस्तीवर बोलावलं. मामांचा नवा टाक केला होता, त्याचा फोटो हवा होता. मामांना नेहमीचं, साच्यातलं तोंड. शेजारी दुसरा टाक. यवतच्या सोनारानं मी दिलेला फोटो समोर ठेवून घडवलेला. घट्ट केस, सरळ नजर. ती बाई चांदीतून माझ्याकडे बघत होती.

"आय बघितली ती तुमच्यामुळं," लेक म्हणाली. चहा देताना हसली. "लोकं म्हणत्यात, नाक तिच्यावर गेलंय माजं."

मी चहा प्यालो. फोटो काढले. निघून आलो.

हे छापून आलं की कुणीतरी तिला वाचून दाखवील. त्याआधी मला वस्तीवर जायला हवं. टाकाचा मूळ फोटो जुन्या सीडीवर होता. काल त्याची प्रिंट काढली. तोंड कुठंच नाही. बारीक बारीक ओरखडे, सगळे एकाच अंगानं वळलेले, अंगठ्याएवढ्या रुंदीच्या पट्ट्यांत. आणि जिथं गाल असायचा तिथं चांदी सगळ्यात खोल गेलेली, जणू मामांचा अंगठा दर रविवारी तिथं थोडा थांबत होता.

प्रिंट पाकिटात घालायच्या आधी मी तिच्यावर तळवा ठेवला. मग कुणी काही विचारतंय का, याची वाट बघत बसलो.