रायफलीला शिवलेली वाकळ

जय भीम मंडळी. मी बोलून राहिले अन् फोन लिहून राहिला, चुकलं तर त्याचं.

आज लातूरला माझ्या नातीची, स्नेहाची, नेमबाजी होती. क्लबची रायफल शिकारीच्या बनावटीची, दस्ता, म्हंजे खांद्याला लावायचं लाकूड, बाप्या माणसाच्या मापाचा. हिचा गाल टेकायचाच न्हाई. म्हणून म्या जुन्या वाकळीची घडी दस्त्याभोवती गच्च शिवली. टाका माझा लई बारीक, आमच्या भोकरात कुणालाबी विचारा.

खेळाआधी तपासणीच्या साहेबांनी रिकाम्या रायफलीचा बोल्ट, म्हंजे गोळी भरायचा खटका, मागं ओढला. तो माझ्या घडीला अडून मधीच थांबला.

"पाच मिनिटांत नीट करा, नाहीतर खेळता येणार नाही."

स्नेहा पांढरी पडली. "आज्जी, हे काय केलंस गं?"

पोलक्याला सुई-दोरा असतोच माझ्या. दातानं टाके तोडले, घडी चार बोटं मागं घेऊन पुन्हा शिवली. बोल्ट सरकन मागं आला.

साहेब म्हणाले, "आजी, बंदुकीला वाकळ कोण शिवतं?"

"कारखान्यानं पोरीचा गाल मोजला न्हाई साहेब, म्या मोजला."

स्नेहा दुसरी आली. आता क्लबच्या चार पोरी मागं लागल्यात, आमच्याबी रायफलीला शिवून द्या म्हणून. कुणाकडं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं हाय का?