आय वॉज वर्किंग ऑन द प्रेस

किस्से गोळा करायला मी कधी कुठं गेले नाही. मोशीत पिठाच्या गिरणीच्या वर माझी एक खोली आहे. दर रविवारी सकाळी तिथं मी कंपन्यांमधल्या लोकांना इंग्रजी बोलायला शिकवते. खालून पीठ उडतं ते फळ्यावर, खुर्च्यांवर, माझ्या चष्म्यावर येऊन बसतं. किस्सेही तसेच येऊन बसले. कितीही पुसा, पुढच्या रविवारी पुन्हा आहेतच! आता विषय काढलातच, तर ऐका.

*

बालाजी पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला हे एवढं बँडेज होतं. मूळचा लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर, म्हणजे पत्रे दाबायच्या मशीनवर, कॉन्ट्रॅक्टनं. त्याच प्रेसमध्ये दोन बोटं गेली होती. मी नेहमीप्रमाणे 'माय नेम इज'पासून सुरुवात केली, तर त्यानं मला थांबवलं.

"मॅडम, माझं नाव त्यांला माहीत हाय. मला एवढंच शिकवा, मी कुठं होतो आन् काय करलालतो!"

मग सगळं सांगितलं. कंपनीचे मोठे साहेब कोरियन. त्यांना मराठी येत नाही, हिंदी येत नाही. ते हॉस्पिटलात बघायला आले तेव्हा बालाजीनं मराठीत सांगितलं, की प्रेसचं सेफ्टी कव्हर सुपरवायझरनं काढून ठेवायला लावलं होतं, माल पटापट निघावा म्हणून. शेजारी उभ्या त्याच सुपरवायझरनं ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं. बालाजी पाच मिनिटं बोलला आणि त्याचं इंग्रजी झालं एक ओळ! त्या ओळीतला एकच शब्द बालाजीला कळला. फोन.

"मी फोनचं नावसुदिक घेतलं न्हवतं, मॅडम! फोन तर गेटवर जमा असतोय. गावडे काकांच्या कपाटात."

फोनवर बोलताना हात गेला, म्हणजे चूक कामगाराची. नोकरीही जाणार आणि भरपाईही. पुढच्या महिन्यात चौकशी होती, त्याच साहेबांपुढं, आणि बालाजीचं बोलणं इंग्रजीत सांगायला पुन्हा तोच सुपरवायझर! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, 'माय नेम इज' गेलं चुलीत, तू बस खाली.

*

फळ्यावर लिहिलं. आधी माणूस, मग वॉज, मग काम आणि त्याला आयएनजी, आणि सगळ्यात शेवटी जागा. मराठीत 'वर', 'खाली', 'मागं' हे शब्दाच्या पाठीमागं येतात. इंग्रजीत ऑन, अंडर, बिहाइंड शब्दाच्या आधीच येऊन उभे राहतात.

संगीता बालाजीच्याच कंपनीत क्वालिटीला आहे. मोशीच्या जुन्या घरातली मुलगी, भलती फटकळ. ती म्हणाली, "मॅडम, जागा शेवटी? आमच्या गावात तर जागाच पहिली बगत्यात! मानूस काय, मागनं बगू!"

हसून हसून पुरेवाट झाली. मग तिनं मोर्चा बालाजीकडं वळवला. "आन् ह्ये करलालतो काय आसतंय रं?"

बालाजी उखडला. "करलालतो म्हंजे वॉज डुइंग! तुम्हाला एका कामाला दोन दोन शब्द लागतेत. आमच्या लातूरला एकात भागतंय!"

त्या दिवसापासून वर्गात कुणी त्याच्या बोलीला हसलं नाही.

*

पुढच्या रविवारी गावडे काकाच जिना चढून आले. हे त्या कंपनीचे गेटवरचे सिक्युरिटी, कोकणातले, साठीच्या घरातले. म्हणाले, "साक्ष माकाच देवची लागतली. तर मग इंग्रजीतच दितंय!"

माझ्या वर्गाचा एक नियम आहे. प्रत्येकानं उठून सांगायचं, काल या वेळी मी कुठं काय करत होतो. खरं सांगायचं, खोट्याला बंदी. गावडे काका उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "आय वॉज स्लीपिंग इन द केबिन."

"काका, कंपनीत नका हां आसं बोलू!" संगीता ओरडली.

"खरा तांच सांगूचा ना?" काकांनी मला विचारलं. नियम माझाच!

चारच दिवसांनी एक ऑफिसर बाहेर जायच्या गेटनं गाडी आत घालायला लागला. काकांनी अडवली. तो काच खाली करून खेकसला, "व्हॉट आर यू डुइंग?"

काका म्हणाले, "आय वॉज सिटिंग ॲट द गेट, सर. यू वेअर कमिंग फ्रॉम द राँग साइड."

आणि गाडी मागं घ्यायला लावली राव! आख्खी फर्स्ट शिफ्ट बघत होती.

*

संगीताला बघायला ताथवड्याचं स्थळ आलं. मुलगा आयटीतला. मंडळी दोन तास उशिरा आली, वर हॉलमध्ये बसून पोह्यांच्या दोन दोन बशा चापल्या. मग मुलाच्या मावशीनं हिला बाहेर बोलावलं आणि म्हणाली, "आमच्याकडं सगळे इंग्लिश बोलतात. बघू, बोलून दाखव काहीतरी."

संगीतानं पदर खोचला. "आय वॉज वेटिंग इन द किचन फॉर टू अवर्स. यू वेअर ईटिंग इन द हॉल."

मग मराठीत विचारलं, "आनखी काय बोलू?"

स्थळ गेलं. तिच्या वडलांना मी भीतभीतच विचारलं, माझ्यावर रागावलात का? ते म्हणाले, "न्हाई ओ मॅडम! पोरगी खोटं कुटं बोल्ली?"

*

रावेतला मोठा क्लास चालवणारे एक गृहस्थ आमची खोली बघायला आले. रुमालानं खुर्ची पुसून बसले आणि मला समजावायला लागले. "मॅडम, या लोकांना टेन्स वगैरे कशाला? येस सर, नो सर, ओके सर. बास झालं की!"

मी म्हटलं, "येस सर त्यांना येतंच हो. ते कंपनीनं शिकवलंय. माझ्याकडं नो सर शिकायला येतात!"

चहा न पिताच गेले. तो बालाजीनं प्यायला.

*

पण चौकशीच्या आदल्या रविवारी बालाजी ढेपाळला. सुपरवायझरनं त्याला गाठून सांगितलं होतं, फोनचं कबूल कर, तुला दुसऱ्या कंपनीत चिकटवून देतो. वर हसून म्हणाला होता, तू तिथं काहीही बोल, इंग्रजीत मीच सांगणार आहे!

"मॅडम, माझं चुकलं तर? इन का ऑन, ऐन वेळेला काय सुचंना झालं तर?"

मला रडू फुटलं. दया येऊन नाही हां, संतापानं! बोटं याची गेली आणि घाम यालाच फुटतोय! म्हटलं, "लेकरा, इन म्हण नाहीतर ऑन म्हण. त्या साहेबांचं इंग्रजी तरी कुठं धड आहे? तू फक्त होतास तिथून हलू नकोस."

त्यानं बँडेजच्या हातानं डस्टर घेऊन फळा पुसला आणि सगळं पहिल्यापासून म्हणायला लागला.

*

चौकशीच्या खोलीत संगीता होती. ती सेफ्टी कमिटीवर आहे, म्हणून मला हे शब्दाला शब्द कळलं.

कोरियन साहेब मधल्या खुर्चीत. सुपरवायझर उठला, टाय सारखा केला आणि सुरू झाला. "सर, ही वॉज टॉकिंग ऑन द फोन."

बालाजी उभा राहिला.

"नो सर," तो म्हणाला. "आय वॉज वर्किंग ऑन द प्रेस. सेफ्टी कव्हर वॉज लाइंग बिहाइंड द प्रेस."

सुपरवायझर घाईघाईनं म्हणाला, "सर, हिज इंग्लिश इज पुअर, आय विल एक्सप्लेन."

साहेबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. "फोन?"

दाराशी उभे गावडे काका खाडकन पुढं आले आणि सलाम ठोकला. "फोन वॉज लाइंग इन माय कपाट, सर. ॲट द गेट."

"कपाट?"

"कबर्ड, सर," संगीता म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली. मग खुर्ची फिरवून ते सुपरवायझरकडं वळले. "अँड यू? व्हेअर वेअर यू स्टँडिंग? व्हॉट वेअर यू डुइंग?"

सुपरवायझरनं रुमाल काढला. "सर, ॲक्चुअली... आय... बेसिकली, सर..." पुढं शब्दच येईना.

बालाजीनं डाव्या हातानं एक खुर्ची ओढून त्याच्यापुढं ठेवली.

"बसा साहेब. तुमी निवांत मराठीत बोला. इंग्रजीत मी सांगतो!"